सत्तावीस कोटी कशाचे?

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा लिलाव भरला आणि लखनौच्या संघाने ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतले. आयपीएलच्या इतिहासातली तोवरची ती सर्वांत मोठी बोली. नोव्हेंबर म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी आणि पोती आधारभूत खरेदी केंद्रावर नेण्याची धांदल. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. आमगाव तालुक्यातल्या एका गावात मी शाळेतल्या मुलांना कबड्डी शिकवतो. तिथल्याच एका मुलाच्या वडिलांनी लिलावाची बातमी मोबाइलवर दाखवत मला विचारले, "का जी सर, येवढे पैसे कायचे देतेत?"

आम्ही दोघांनी तिथेच हिशेब केला. २७ कोटी म्हणजे हमीभावाने सुमारे १ लाख १७ हजार क्विंटल धान. एकरी १८ क्विंटल उतारा धरला तर साडेसहा हजार एकरांचे पीक. दोन महिने चालणाऱ्या एका स्पर्धेतल्या एका खेळाडूचा एका हंगामाचा मोबदला आणि कित्येक गावांची खरिपाची पूर्ण मेहनत एकाच पारड्यात बसत होती.

त्यांच्या विचारण्यात मत्सर नव्हता. ज्याचा मुलगा रोज संध्याकाळी मैदानावर येतो, त्या बापाला हे समजून घ्यायचा हक्क आहे. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो: खेळाडूंना मिळणारा मोठा पैसा त्यांच्या हक्काचा आहे. अन्याय आहे तो दुसरीकडे, आणि तिकडे आपले लक्ष जात नाही.

पैसा नव्हता तेव्हा

खेळाडूंना कमी पैसे मिळत तो काळ चांगला होता, असे अनेकांना वाटते. तेव्हा देशासाठी खेळत, आता पैशासाठी खेळतात, असे म्हणतात. तो काळ कसा होता, हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी भोगले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून कर्ज फेडले, १९५५ मध्ये पोलीस खात्यात नोकरी धरली आणि १९८४ मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्या त्यागाचा आपण गौरव करतो, पण तो त्याग त्यांनी निवडलेला नव्हता. खेळातून पोट भरायची सोयच नव्हती.

क्रिकेटचीही गोष्ट फार निराळी नव्हती. १९८३ मध्ये कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा नागपूरचे एन. के. पी. साळवे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. जगज्जेत्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते. क्रिकेट प्रशासक राजसिंह डुंगरपूर यांच्यामार्फत लता मंगेशकरांना विनंती झाली. त्यांनी दिल्लीत एक पैसा न घेता कार्यक्रम केला, त्यातून सुमारे २० लाख रुपये जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख मिळाले. जग जिंकणाऱ्यांना बक्षीस द्यायला एका गायिकेला उभे राहावे लागले.

मग पैसा आला कुठून? तो आला टीव्हीच्या पडद्यावरून. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत परिस्थिती इतकी उलटी होती की सामना दाखवण्यासाठी दूरदर्शनच मंडळाकडे पैसे मागत असे. १९९३ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क खासगी कंपनीला विकले. त्याच वर्षीच्या हिरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्या निकालाने प्रक्षेपणाची बाजारपेठ मोकळी झाली. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे हक्क १६,३४७ कोटींना गेले; २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटींना. आणि या दुसऱ्या खेपेला मोबाइलवर सामने दाखवण्याच्या हक्कांची रक्कम टीव्हीच्या रकमेहून थोडी जास्त भरली.

म्हणजे आमगावच्या बसस्टँडसमोरच्या चहाटपरीवर चार डोकी एका मोबाइलवर सामना बघतात, तेव्हा त्या चौघांचे बघणेच विकले जाते. जाहिरातदार त्याचे पैसे मोजतो, वाहिनी ते मंडळाला देते, मंडळ संघमालकांना देते आणि त्यातला वाटा खेळाडूपर्यंत पोहोचतो. पंतचे २७ कोटी सरकारी तिजोरीतून निघालेले नाहीत. ते तुमच्या-माझ्या डोळ्यांनी जमवलेले आहेत.

खेळ तोच, माणसे तीच

"पण त्यांची तेवढी लायकी आहे का?" हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या इतिहासात सापडले.

आज बेसबॉलपटूंचे आकडे ऐकून भोवळ येते. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. वर्षभरात न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊ केले. पण याच खेळात जवळजवळ शंभर वर्षे एक नियम होता. खेळाडूने एकदा एका संघाशी करार केला की पुढे त्याचे काय करायचे ते संघमालक ठरवणार. खेळाडूला आपण होऊन दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालक मात्र त्याला हवे तेव्हा दुसऱ्याच्या हवाली करू शके. दुसरीकडे जाण्याची मुभाच नसल्यावर पगार वाढवून मागायचा कोणत्या जोरावर?

१९६६ मध्ये मार्व्हिन मिलर नावाचा माणूस खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. तो पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला होता. तेव्हा अव्वल बेसबॉल लीगमध्ये किमान वार्षिक पगार ६,००० डॉलर होता. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याच्या संघाने न विचारता फिलाडेल्फियाच्या हवाली केले. फ्लडने जायला नकार दिला. वर्षाला ९०,००० डॉलर मिळत होते, तरी आपण विकण्या-विकत घेण्याची वस्तू नाही या मुद्द्यावर तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. पण त्याने पाडलेली चीर बुजली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. करार संपल्यावर एक वर्ष विनाकरार खेळलेला खेळाडू आता मोकळा झाला.

नंतर काय झाले ते पाहा. १९७६ मध्ये सरासरी पगार ५१ हजार डॉलरच्या आसपास होता. १९८० मध्ये तो १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला. आज तो ५० लाख डॉलरच्या घरात आहे आणि किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होता. १९७६ ते १९८० या चार वर्षांत चेंडू बदलला नव्हता, मैदान बदलले नव्हते, बरेचसे खेळाडूही तेच होते. बदलला होता तो फक्त करारातला नियम. ती लायकी आधीही होती. तिचा पैसा तोवर मालकाच्या खिशात जात होता.

गोंदियाच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. विडी हा आमच्या भागातला जुना धंदा. जंगलातून तेंदूपत्ता तोडणारे आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया यांच्या हातावर तो उभा राहिला. विडी कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा आला तोही १९६६ मध्येच, संघटनांनी अनेक वर्षे मागणी केल्यानंतर. हजार विड्यांमागचा दर वाढला तो बायांची बोटे अचानक जलद चालू लागली म्हणून नव्हे. एकत्र येऊन मागितला म्हणून वाढला.

शंभरातले बारा

आता आपल्या आयपीएलचा हिशेब करू. पाच वर्षांचे ४८,३९० कोटी म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला जास्तीत जास्त १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. म्हणजे नुसत्या प्रक्षेपणातून आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले खेळाडूंच्या करारांवर गेले सुमारे बारा रुपये. प्रत्येक खेळाडूचे सामन्यामागे साडेसात लाखांचे मानधन आणि इतर रक्कम कमाल मर्यादेपर्यंत धरली, तरी आकडा पंधराच्या आसपास थांबतो. तिकिटे, प्रायोजक आणि संघाच्या अंगावरच्या जाहिराती यांची कमाई यात धरलेलीच नाही. ती धरली तर हा वाटा आणखी खाली येतो.

अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये करारानेच ठरलेले आहे की खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग खेळाडूंचा. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये तो किमान ४८ टक्के आहे. २७ कोटींचा आकडा ऐकून आपण दचकतो, पण कमाईशी ताडून पाहिले तर भारतातला खेळाडू अमेरिकेतल्या खेळाडूपेक्षा कितीतरी कमी वाटा घेतो.

उरलेला पैसा कुठे जातो? मंडळ आणि संघमालक यांच्याकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये लखनौचा संघ घेण्यासाठी आरपीएसजी समूहाने ७,०९० कोटी रुपयांची बोली लावली. तेव्हा त्या संघात एकही खेळाडू नव्हता. तरी एवढी रक्कम मोजली गेली, कारण पुढे खेळाडू येतील आणि लोक त्यांना बघतील याची खात्री होती. सूट घालून मालकांच्या कक्षात बसलेल्या माणसाला बघायला कोणी मोबाइल उघडत नाही.

शाळेत शिकवतो म्हणून मला नेहमी ऐकवले जाते की शिक्षक, परिचारिका, सैनिक यांचे काम क्रिकेटपटूपेक्षा मोलाचे आहे. ते खरे आहे, आणि मी ते मनापासून मानतो. पण पंतचा पगार निम्मा केला, तर देवरीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेचा पगार एका रुपयाने वाढणार नाही. वाचलेले पैसे संघमालकाकडेच राहतील. परिचारिकेचा पगार सरकार ठरवते, कराच्या पैशातून. तो वाढवायचा असेल तर सरकारपुढे मागणी लावून धरायला हवी. खेळाडूचा वाटा कापून ते काम होत नाही.

आणि खेळाडूच्या कमाईची मुदत फार छोटी असते. ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ पंतच्या गाडीला भीषण अपघात झाला. त्यानंतर तो पुन्हा मैदानावर उतरला २०२४ च्या आयपीएलमध्ये. असे परतणारे विरळा. कबड्डीत तर गुडघ्याचा अस्थिबंध तुटला की अर्धी कारकीर्द गेली. आमच्या मैदानावरचे उत्तम चढाईपटू वयाच्या विशीतच लंगडत घरी गेलेले मी पाहिले आहेत.

लिलावाबाहेरची माणसे

अन्याय दुसरीकडे आहे असे म्हटले, तो इथे आहे. लिलावात नाव पुकारले जाते त्यांच्याविषयी आपण भांडतो. नाव पुकारलेच जात नाही त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

विदर्भाचा हर्ष दुबे घ्या. २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्याने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामातला तो विक्रम. त्याच हंगामात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्यानंतर हर्ष आयपीएलमध्ये गेला तो हैदराबादच्या संघात दुसऱ्या खेळाडूच्या जागी, ३० लाखांना. २०२१-२२ पासूनच्या दरांनुसार वीसपर्यंत प्रथम दर्जाचे सामने खेळलेल्या खेळाडूला रणजीत दिवसाला ४०,००० रुपये मिळतात, चाळीसहून अधिक खेळलेल्याला ६०,०००. साखळीचे सात सामने आणि मग अंतिम फेरीपर्यंतचे तीन खेळला, तर नवख्या खेळाडूचे होतात साधारण सतरा लाख. वाईट नाहीत. पण संघ साखळीतच बाद झाला तर अकरा लाखांवर थांबतात, राखीव खेळाडूला निम्मे मिळतात आणि संघाच्या यादीतच नसलेल्या मुलाला काहीच नाही. त्या यादीपर्यंत पोहोचायला गोंदियाच्या मुलाला आधी नागपूर गाठावे लागते आणि तिथल्या राहण्या-खाण्याचा खर्च घरच्यांनी सोसावा लागतो.

पोहोचतात, तेही खरे. अमरावतीच्या जितेश शर्माला पंजाबने २०२२ मध्ये २० लाखांना घेतले होते. २०२४ च्या लिलावात बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून २२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले आणि आठवड्याभरात बंगळुरूने पहिला करंडक उचलला. कबड्डीत चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाखांना घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हाची सर्वांत मोठी बोली होती राकेश कुमारची, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख मिळाले. माझ्या लहानपणी कबड्डीपटूला रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीत नोकरी लागली की तो धन्य मानत असे. त्या दिवसांपासून इथपर्यंतचा हा पल्ला पाहून मला अभिमान वाटतो.

पण मुलींचे काय? २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी स्पर्धा प्रो कबड्डीसोबत भरली होती. त्यातल्या एका संघाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती. ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही. क्रिकेटमध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ च्या पहिल्या महिला लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, आणि ते पाहून माझ्या शाळेतल्या मुली क्रिकेटची बॅट मागू लागल्या. कबड्डीत पकड करण्यात त्या मुलांच्या वरचढ आहेत, तरीही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडार हे लोकनाट्य असते, रात्रभर नाटक असते, आणि कितीतरी गावांत कबड्डीचे सामने होतात. मातीवर, अनवाणी. निवड चाचणी मात्र मॅटवर आणि बुटांत होते. मातीवर पाय घसरवून बोनस गुण घेणारा पोरगा मॅटवर पहिल्याच चढाईत अडखळतो, कारण मॅट पाय धरून ठेवते. तो खेळात कमी पडलेला नसतो. त्याला मॅट कधी मिळालेलीच नसते. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मॅट, एवढीच त्याची गरज.

मागायचे कोणी?

पुन्हा अमेरिकेकडे पाहू. बेसबॉलच्या दुय्यम लीगमधले हजारो खेळाडू अनेक वर्षे अपुऱ्या पगारावर जगत. २०२२ मध्ये अव्वल खेळाडूंच्या संघटनेने त्यांना आपल्यात सामील करून घेतले. २०२३ च्या पहिल्याच करारात दुय्यम लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० झाला. वरच्यांनी हात दिला आणि खालच्यांचा पगार दुपटीवर गेला.

भारतात असे कोणी नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची अधिकृत संघटना फक्त निवृत्त खेळाडूंची आहे. आज खेळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या वतीने मंडळासमोर बसून वाटा मागणारे कोणी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खेळणाऱ्या खेळाडूंची, पुरुष आणि स्त्रिया दोघांची, संघटना व्हावी. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा टक्क्यांत ठरावा आणि दरवर्षी जाहीर व्हावा. आणि त्या उत्पन्नातला एक ठरलेला हिस्सा जिल्ह्याच्या मैदानांवर खर्च व्हावा: प्रत्येक तालुक्यात एक मॅट, एक प्रशिक्षक, दुखापत झाली तर उपचारांची हमी. खेळ बघणारे आम्ही, त्यातून पैसा उभा राहतो, मग तो खेळ शिकण्याची सोय आमच्या मुलांनाही मिळायला हवी.

पालकांना मी एवढेच सांगतो: मुलाला खेळू द्या आणि शिकूही द्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदवी नसेल तर बऱ्याच पदांसाठी अर्जच करता येत नाही. लिलावात जाणारे मोजके असतात. खेळामुळे नोकरी, शिस्त आणि तब्येत कमावणारे त्यांच्यापेक्षा खूप जास्त असू शकतात. पंतला २७ कोटी मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. ज्या व्यवस्थेत एका माणसाच्या खेळाची किंमत २७ कोटी होऊ शकते, त्या व्यवस्थेला सालेकसा-देवरीच्या मुलाला एक मॅट देता येत नाही, हे मला मान्य नाही. आपला राग तिथे वळवू या.